सूक्ष्मदर्शकातील हालचालींचे चित्रण : उपकरणे आणि आज्ञावल्या
(विज्ञान शिक्षक व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काचपट्टीवर रंग देऊन कायम केलेला सूक्ष्मजीव हा मेलेला सूक्ष्मजीव असतो, ही गोष्ट प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांना ठाऊक असली तरी नित्याच्या कामात तिचा विसर पडतो. रंग दिल्याने आकार उठून दिसतो, केंद्रक स्पष्ट होते, रोगजंतूची ओळख पटते. क्षयाच्या जंतूंसाठी थुंकीची आणि हिवतापासाठी रक्ताची सूक्ष्मदर्शकीय तपासणी अशा रंगविलेल्या पट्ट्यांवरच चालते, आणि ती तशीच चालावयास हवी. परंतु तो जीव कोणीकडे जात होता, वळवळत होता की जागच्या जागी थरथरत होता, शेजारच्या पेशीशी त्याचे काय चालले होते, या प्रश्नांना रंगविलेली पट्टी उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी जिवंत थेंबच पाहावा लागतो. आणि पाहिलेले दुसऱ्यास दाखवावयाचे असेल, मोजावयाचे असेल, तर ते चित्रित करावे लागते. सूक्ष्मदर्शकातून अशी लहान लहान चलच्चित्रे घेण्यासाठी लागणारी उपकरणे, आणि घेतलेल्या चित्रांवर संगणकात काम करणाऱ्या आज्ञावल्या, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

हालचालीला एवढे महत्त्व का, हे हिवतापाच्या इतिहासावरून चांगले कळते. हिवतापाने मेलेल्या माणसांच्या अवयवांत काळसर रंगकण सापडतात हे लाव्हरां याच्या आधीच्या वैद्यांनीही नोंदविले होते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटिन येथे या फ्रेंच लष्करी वैद्याने रुग्णाचे ताजे, न रंगविलेले रक्त पाहिले, तेव्हा त्या रंगकणयुक्त गोलकाच्या कडेने बारीक तंतू चाबकासारखे फटकारत असलेले त्याला दिसले. इतकी जोमदार हालचाल करणारी वस्तू हा जिवंत परजीवीच असला पाहिजे, याविषयी त्याला संशय उरला नाही. इतरांना मात्र उरला. त्याच्या म्हणण्याला मान्यता मिळण्यास काही वर्षे जावी लागली, कारण त्याने जे पाहिले ते कागदावर रेखाटण्यापलीकडे दाखविण्याचा मार्ग नव्हता.

पुढचा अध्याय हैदराबाद परिसरातला आहे. रोनाल्ड रॉस याने १८९५ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या पोटातील रक्तात हेच तंतू सुटताना पाहिले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी तेथेच डासाच्या जठराच्या भिंतीवर परजीवीचे कोश शोधून काढले. त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू कपाळावरच्या आणि हातांच्या घामाने गंजले होते आणि उरलेली एकमेव नेत्रिका तडकलेली होती, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. तरीही ते तंतू कशासाठी असतात हे ना लाव्हरां याला उमगले, ना त्या वेळी रॉसला. त्याच १८९७ साली मॅककॅलम या तरुण संशोधकाने कावळ्याच्या रक्तातील हिवतापसदृश परजीवी पाहत असता, सुटलेला तंतू पोहत जाऊन दुसऱ्या गोलकात शिरताना पाहिला. तंतू म्हणजे नर बीज होते आणि डोळ्यांदेखत घडले ते फलन होते. वस्तू तीच, मात्र या खेपेस ती सुटते कोठून याबरोबरच ती जाते कोठे हेही पाहिले गेले.

हे दृश्य फितीवर धरून ठेवण्याचे श्रेय बहुतांशी झाँ कोमांदाँ या फ्रेंच वैद्याकडे जाते. उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये सापडला होता. तो इतका सडपातळ की साध्या प्रकाशात दिसतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तिरपा प्रकाश टाकला तर चकाकणाऱ्या मळसूत्रासारखा दिसतो. त्याच्यासारखेच दिसणारे निरुपद्रवी जंतूही असतात, आणि त्यांच्यातील भेद ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांची चालण्याची ढब. कोमांदाँ याने पाथे या चित्रपटसंस्थेच्या साहाय्याने ही ढब चित्रित केली आणि ऑक्टोबर १९०९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ती फीत दाखविली. त्या यंत्रणेला प्रखर विजेचा दिवा लागे, आणि त्याच्या उष्णतेने थेंबातील जीव मरण्याची भीती सतत असे. पुढे फ्रिट्स झेर्निके याच्या फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीने न रंगविता पेशीचे अंतरंग दिसू लागले. झाइस कंपनीत कुर्ट मिखेल याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच पद्धतीने टोळाच्या पेशींचे विभाजन चित्रित केले, आणि झेर्निके यास १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० नंतरच्या दशकात डेव्हिड रॉजर्स याने १६ मिलिमीटर फितीवर घेतलेले, पांढरी रक्तपेशी तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढीत एका जंतूचा पाठलाग करते ते दृश्य, आजही जगभरच्या वर्गांत दाखविले जाते.

कोमांदाँ याला जे काम एका चित्रपटसंस्थेच्या बळावर करावे लागले ते आज शाळेच्या टेबलावर होऊ शकते. मात्र होऊ शकते आणि होते यांत अंतर आहे. बहुतेक ठिकाणी पैसा कॅमेऱ्यावर खर्च होतो आणि चित्र बिघडते ते दिव्यामुळे, टेबलामुळे किंवा थेंबामुळे.

प्रथम दिव्याविषयी. आउगुस्ट कोलर याने १८९३ मध्ये प्रकाश सारखा पसरविण्याची जी रीत सांगितली ती अद्याप जुनी झालेली नाही. कंडेन्सर योग्य उंचीवर आणून, त्याची झडप वस्तुभिंगाला साजेल इतकी उघडली, की निम्मे काम झाले. झडप फार मिटली तर कडा ठळक दिसतात म्हणून नवख्यांना चित्र चांगले वाटते. वस्तुतः बारकावे गेलेले असतात. दुसरा प्रश्न लुकलुकण्याचा. भारतातील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने तिच्यावर चालणाऱ्या साध्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. म्हणून या दिव्याखाली सेकंदाला २५ किंवा ५० चौकटी आणि प्रत्येक चौकटीस १/५० किंवा १/१०० सेकंद प्रकाश, असा मेळ ठेवावा. परदेशी बनावटीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत आणि भ्रमणध्वनींत मूळची योजना ३० चौकटींची असते, आणि मग चित्रावर प्रकाशाच्या लाटा सरकताना दिसतात. एलईडी दिव्याचा प्रकाश कमी करणारे स्वस्त बटण तर दिवा अतिजलद उघडझाप करूनच प्रकाश कमी करते. तेथे आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी बटण पूर्ण ठेवावे आणि प्रकाश राखी रंगाच्या गाळणकाचेने कमी करावा; किंवा दिवा बॅटरीवर चालवावा.

टेबलाविषयी थोडक्यात इतकेच, की चारशे पटीने वस्तू मोठी होते तेव्हा हादराही चारशे पटीने मोठा होतो. भिंतीत बसविलेला कडप्प्याचा ओटा हलक्या लोखंडी टेबलापेक्षा केव्हाही बरा. चित्रण चालू असता पंखा बंद ठेवावा. त्याने हादरा बसतो आणि थेंबही सुकतो. आच्छादक काचेच्या कडेला व्हॅसलिनची बारीक रेघ दिली तर थेंब बराच वेळ टिकतो आणि सुकत्या थेंबात उठणारे प्रवाह थांबतात. हे प्रवाह म्हणजे फसवणुकीचे मोठे स्थान आहे, कारण सर्व कण एकाच दिशेने वाहू लागले की निर्जीव धूळही सजीव वाटते.

कॅमेरा जोडण्याचे तीन मार्ग प्रचारात आहेत. पहिला, भ्रमणध्वनी नेत्रिकेवर धरणे. यात चित्र वाईट येते असा समज आहे तो बरोबर नाही. हल्लीच्या भ्रमणध्वनीचा संवेदक उत्तम असतो. अडचण निराळी आहे. ४० पटीचे वस्तुभिंग आणि १० पटीची नेत्रिका असता नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाशझोत एक मिलिमीटरपेक्षाही बारीक, सुमारे ०.८ मिलिमीटर असतो. त्या झोताच्या नेमक्या बिंदूवर भ्रमणध्वनीचे भिंग स्थिर राहावयास हवे. हाताने हे साधत नाही, पकड लागते. दुसरे असे, की भ्रमणध्वनी आपणहून प्रकाश व फोकस बदलीत राहतो, त्यामुळे एखादा पॅरामिशियम चौकटीत शिरताच सारे चित्र उजळते वा पुसट होते. हे दोन्ही स्वयंचलित व्यवहार बंद करता येतील अशी आज्ञावली भ्रमणध्वनीवर आधी घालून घ्यावी. मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप भ्रमणध्वनीला चुंबकाने जोडता येतो. त्याचे ते एकच गोल भिंग सुमारे १४० पट मोठे दाखविते, आणि तलावाच्या पाण्यासाठी तेवढे पुष्कळ झाले. प्रकाश हे मूळचे मेरठचे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने हा कागदी सूक्ष्मदर्शक भारतातील पुष्कळ शाळा-महाविद्यालयांत पोचला आहे.

दुसरा मार्ग, नेत्रिका काढून तिच्या जागी २३.२ मिलिमीटर व्यासाचा लहान कॅमेरा बसविणे. तिसरा, तीन नळ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर ‘सी-माउंट’ आट्यांचा कॅमेरा बसविणे. एक इंच व्यास, इंचाला ३२ आटे, आणि बैठकीपासून संवेदकापर्यंत १७.५२६ मिलिमीटर अंतर, हे त्याचे माप चित्रपट कॅमेऱ्यांच्या जमान्यापासून चालत आले आहे. आज घेतलेला कॅमेरा उद्याच्या सूक्ष्मदर्शकावर बसेल याची हमी या जुन्या मापामुळेच मिळते.

खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दिशाभूल मेगापिक्सेल या शब्दाने होते, म्हणून येथे थोडे गणित करणे इष्ट ठरेल. सूक्ष्मदर्शकाची पृथक्करणशक्ती कॅमेऱ्यावर नव्हे, वस्तुभिंगावर कोरलेल्या दुसऱ्या आकड्यावर ठरते. त्यास न्यूमेरिकल अपर्चर म्हणतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन, तिला ०.६१ ने गुणून या आकड्याने भागावे. ४० पटीच्या नेहमीच्या भिंगावर ०.६५ लिहिलेले असते, म्हणून त्याला सुमारे ०.५२ मायक्रॉन अंतरावरील दोन बिंदू वेगळे दाखविता येतात, त्याहून जवळचे नाही. चाळीस पट होऊन हे अंतर संवेदकावर सुमारे २१ मायक्रॉन होते. मध्ये प्रतिमा निम्मी करणारे भिंग असेल तर साडेदहा. एवढ्या अंतरात संवेदकाचे दोन घटक बसले की काम झाले, म्हणजे पाच मायक्रॉनचा घटक पुरतो. बाजारात सहज मिळणारा, २.९ मायक्रॉन घटकांचा, १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, म्हणजे अवघ्या २ मेगापिक्सेलचा संवेदक वस्तुभिंगाने दिलेले सर्व काही टिपून वर शिल्लक ठेवतो. त्याच्या जागी १८ मेगापिक्सेलचा घेतल्यास चित्रात नवे काही येत नाही. चौकटी मात्र सावकाश येतात आणि साठा लवकर भरतो. स्थिर छायाचित्राची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

वेगाचेही असेच आहे. सूक्ष्मदर्शक अंतर मोठे करतो, काळ मोठा करीत नाही; म्हणून वेगही तितक्याच पटीने मोठा दिसतो. पॅरामिशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर जातो. वर सांगितलेल्या संवेदकावर, १० पटीच्या भिंगाने आणि निम्मे करणाऱ्या भिंगासह, चौकटीची रुंदी सुमारे १.१ मिलिमीटर भरते. म्हणजे प्राणी एका सेकंदात चौकट ओलांडून जातो. चौकटीस १/५० सेकंद प्रकाश दिला तर तेवढ्यात तो २० मायक्रॉन सरकतो आणि त्याचे केस पुसले जातात. १/१००० सेकंद दिला तर एकच मायक्रॉन सरकतो, परंतु मग प्रकाश वीसपट लागतो. प्रखर प्रकाशाने प्राणी बिथरतो किंवा मरतो. मधला मार्ग म्हणजे प्राण्यालाच सावकाश करणे: थेंबात मेथिल सेल्युलोजचे दाट द्रावण मिसळावे, किंवा कापसाचे थोडे तंतू घालून त्याला कोंडावे. संवेदकाच्या ओळी एकामागून एक वाचणारे स्वस्त कॅमेरे वेगवान केसांचा आकार वाकडा दाखवितात हेही लक्षात असू द्यावे. मोजमाप करावयाचे असेल तर सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारा संवेदक घ्यावा.

आता संगणकाकडे. कॅमेऱ्याकडून येणारी माहिती किती असते याची कल्पना नसल्याने पुष्कळ निराशा होते. १९२० गुणिले १०८० बिंदू, प्रत्येकी एक बाइट, सेकंदाला २५ चौकटी, हे सुमारे ५२ मेगाबाइट प्रतिसेकंद झाले. एका मिनिटाला तीन गिगाबाइटहून अधिक. रंगीत असल्यास तिप्पट. जुन्या यूएसबी २ जोडणीची कागदोपत्री मर्यादाच ६० मेगाबाइट आहे, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून तिच्यावर चालणारा रंगीत कॅमेरा चित्र आतल्या आत दाबून, म्हणजे काही माहिती टाकून देऊन, मगच पाठवितो. संस्थेने निविदा काढताना यूएसबी ३ जोडणी मागावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॅमेरा ‘यूएसबी व्हिडिओ क्लास’ या सामान्य मानकाचा असावा. तसा असला तर कोणताही संगणक त्याला ओळखतो. केवळ विक्रेत्याच्या तबकडीवरील आज्ञावलीनेच चालणारा कॅमेरा घेणे म्हणजे घराची किल्ली दुसऱ्याकडे ठेवणे होय. संगणकाची प्रणाली बदलली आणि विक्रेत्याने नवी आज्ञावली दिली नाही, की चालता कॅमेरा कपाटात जातो.

सुदैवाने या क्षेत्रातील उत्तम आज्ञावल्या विनामूल्य आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅस्बँड यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली ‘इमेजजे’ ही त्यांतील मुख्य. तिचाच अनेक जोडांसह सजविलेला अवतार म्हणजे ‘फिजी’. तिच्याविषयीचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकटींची चळत उघडणे, अंतर मोजणे, प्रमाणरेषा उमटविणे, एखाद्या कणाचा मार्ग चौकटीमागून चौकट शोधणे, ही कामे ती करते. कॅमेरा, झडप व फिरता मंच यांना एकत्र चालविण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉन व्हेल यांच्या प्रयोगशाळेत ‘मायक्रो-मॅनेजर’ तयार झाली. फितींचे रूप बदलण्यासाठी ‘एफएफएमपेग’ आहे. ती २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केली. तिला सुबक खिडक्या नाहीत, आज्ञा टंकाव्या लागतात, म्हणून लोक तिला बिचकतात. परंतु भ्रमणध्वनीची फीत इमेजजेला थेट उघडता येत नाही तेव्हा हीच उपयोगी पडते. शिवाय भ्रमणध्वनी प्रकाश कमी झाला की चौकटींमधील अंतर गुपचूप बदलतो. अशा फितीवरून वेग काढला तर उत्तर चुकते. ती आधी समान अंतराच्या चौकटींत बदलून घ्यावी लागते.

माहिती दाबण्याच्या रीतीविषयी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. एच.२६४ हे २००३ चे मानक माणसांची चित्रे लक्षात घेऊन घडविलेले आहे. पार्श्वभूमीतील बारीक, अनियमित हालचाल त्याला निरर्थक वाटते आणि ते तिला गुळगुळीत करून टाकते. सूक्ष्मदर्शकात नेमकी हीच हालचाल पाहावयाची असते. दाखविण्यासाठी दाबलेली फीत चालेल. मोजण्यासाठी मूळ चौकटीच ठेवाव्या, आणि त्यांवर कडा ठळक करणे, रंग खुलविणे असले संस्कार करू नयेत.

या सर्व उपकरणांचा आणि आज्ञावल्यांचा मेळ बसला म्हणजे काय होऊ शकते याचे एक उदाहरण मध्य आफ्रिकेतील कॅमेरून देशातून देता येते. तेथे नदीकाठच्या माश्यांमुळे होणाऱ्या अंधत्वाच्या रोगावर आयव्हरमेक्टिन हे औषध गावोगाव वाटले जाते. मर्क कंपनीने १९८७ पासून ते विनामूल्य दिले आहे आणि त्याने असंख्य लोकांची दृष्टी वाचली आहे. परंतु त्याच प्रदेशात लोआ नावाचा दुसरा कृमी आहे. त्याची पिल्ले ज्याच्या रक्तात फार मोठ्या संख्येने असतात, त्याला हेच औषध दिल्यास पिल्ले एकदम मरून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, प्रसंगी मृत्यू येतो. ओकोला जिल्ह्यात १९९९ मध्ये असे घडले आणि तेथील औषधवाटप थांबले. धोका असणारे लोक थोडे. पण ते कोण हे ओळखता येईना, म्हणून औषध कोणालाच मिळेना. रक्ताची पट्टी रंगवून पिल्ले मोजणे शक्य होते, परंतु त्याला कुशल तंत्रज्ञ आणि वेळ लागतो. हजारो लोकांच्या गावात, औषध वाटण्याच्या दिवशी, ते जमणारे नव्हते.

बर्कली येथील डॅनिएल फ्लेचर यांच्या प्रयोगशाळेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर जो उपाय काढला तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब एका चपट्या काचनळीत घ्यावयाचा आणि ती प्लॅस्टिकच्या लहान बैठकीत सरकवावयाची. वर भ्रमणध्वनी बसलेला असतो आणि खाली एलईडी दिवा. बैठकीतील लहानसे यंत्र नळी थोडी थोडी पुढे सरकविते आणि प्रत्येक जागी काही सेकंदांची फीत घेतली जाते. रंग नाही, तेल नाही, फोकसची खटपट नाही. मग आज्ञावली काय करते? ती कृमीचे पिल्लू शोधतच नाही. लागोपाठच्या चौकटी एकमेकींतून वजा करते. स्थिर रक्तपेशी वजाबाकीत नाहीशा होतात. जेथे पिल्लू वळवळते तेथे भोवतीच्या तांबड्या पेशी ढकलल्या जातात आणि तेवढाच ठिपका उरतो. ठिपके मोजले की एक मिलिलिटर रक्तात पिल्ले किती याचा अंदाज मिळतो. सारा व्यवहार दोनतीन मिनिटांचा. रंगविलेल्या पट्टीवर जी गोष्ट नाहीशी होते, ती हालचालच येथे मोजणीचे साधन झाली.

ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच ओकोला जिल्ह्यात हे साधन गावांत नेण्यात आले. तपासलेल्या १६,२५९ लोकांपैकी ३४० जणांच्या रक्तात मिलिलिटरला २०,००० हून अधिक पिल्ले आढळली. त्यांना आयव्हरमेक्टिन दिले गेले नाही. गरोदरपण वा आजारपण यांमुळे आणखी ३९७ जण वगळले गेले. उरलेल्या १५,५२२ लोकांना औषध मिळाले आणि गंभीर दुष्परिणाम एकालाही झाला नाही. ही माहिती नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरातले दोन ओळखता आले म्हणून पंच्याण्णवांना औषध देता आले, असा हा हिशेब आहे.

हा अनुभव जसाच्या तसा इकडे आणता येणार नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. लोआ हा कृमी आफ्रिकेच्या मध्य व पश्चिम भागापुरता आहे. भारतात तो नाही. भारतातील हत्तीरोगाचा कृमी निराळा, आणि त्याची पिल्ले रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीसाठी पथके रात्री घरोघर हिंडतात. लोआची पिल्ले दिवसा येतात. वेळ चुकली तर उत्तम कॅमेराही रिकामे रक्तच दाखवील. मात्र ताज्या थेंबातील हालचाल टिपून ती दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविण्याची कल्पना येथेही लागू पडते. पटकीच्या जंतूची बाणासारखी सुटणारी चाल कृष्णक्षेत्रात ओळखण्याची रीत जुनीच आहे. विशिष्ट रक्तद्रव मिसळताच ती चाल थांबते, आणि ही आधीची व नंतरची दोन दृश्ये म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या दोन फिती होत. असे नमुने प्रशिक्षित तंत्रज्ञानेच हाताळावेत. फितीवर रुग्णाचे नाव येऊ देऊ नये. नोंदवहीतील क्रमांक पुरे.

शाळांनी रक्ताच्या वाटेला न जाता तलावाकडे जावे. कंडेन्सरखाली काळ्या कागदाची चकती, बाहेरची कड तेवढी मोकळी राहील अशी, ठेवली की मध्यम शक्तीच्या भिंगांसाठी कृष्णक्षेत्र तयार होते आणि साध्या पाण्यातील जीव ताऱ्यांसारखे चमकतात. ज्या घटना सावकाश घडतात त्यांच्यासाठी उलटा उपाय: दर १० सेकंदांस एक चौकट घ्यावी आणि सेकंदाला २५ च्या वेगाने दाखवावी. काळ २५० पट आखडतो. एका तासाच्या ३६० चौकटी १४ सेकंदांत संपतात. ट्रॅडेस्कॅन्शियाच्या फुलातील पुंकेसरांच्या केसांत पेशीविभाजन जिवंतपणी दिसते, ते अशा रीतीने टिपण्यासारखे आहे. दिवा मात्र चौकटीपुरताच लागावा, नाहीतर तासाभराच्या प्रकाशाने पेशीच थकते.

पहिल्या प्रयत्नासाठी हायड्रिलाचे पान सर्वांत सोयीचे. ते तळ्यात मिळते, पळून जात नाही, आणि पेशींच्या कडेने फिरणारे हरितलवक रंगाशिवाय दिसतात. तोडलेले पान थोडा वेळ प्रकाशात ठेवले की प्रवाह सुरू होतो. चित्रणापूर्वी त्याच भिंगाखाली मंचमापिका ठेवून तिची एक चौकट घ्यावी. तिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. वरील संवेदकावर ४० पटीच्या भिंगाने, निम्मे करणारे भिंग धरून, चित्रातील एक बिंदू ०.१४५ मायक्रॉन भरावा. मापिकेवरून तेवढाच येतो की नाही हे पाहावे. न आल्यास मापिकेचा आकडा खरा मानावा. हरितलवक सेकंदाला ५ मायक्रॉन सरकत असेल तर तो चित्रात सुमारे ३४ बिंदू सरकेल, आणि इमेजजेमध्ये दहा सेकंदांच्या फितीवरून हा वेग विद्यार्थ्याला एका तासिकेत काढता येईल. मग तीच पट्टी थोडी कोमट करून पुन्हा चित्रण करावे आणि दोन्ही फितींवर दिनांक, भिंग, चौकटींचा वेग व पाण्याचे तापमान लिहून ठेवावे.